फाटकावरचे मास्तर

दवाखान्यात पेशंटला भेटायला आलेल्या माणसाकडून गाडी लावायचे दहा रुपये घ्यावेत की घेऊ नयेत, यावर मी सहा वर्षं काऊंटरमागे बसून विचार केला. माझं मत अजून ठरलेलं नाही. एखाद्याचा बाप वर ऑक्सिजनवर आहे आणि खाली आपण त्याला म्हणतोय, सुट्टे द्या, हे काही बरं दिसत नाही. आणि न घ्यावेत, तर अख्खी भाजी मंडई आपल्या मोटारसायकली दवाखान्याच्या आवारात लावून वांगी घ्यायला जाते आणि पेशंट आणणारी रिक्षा रस्त्यावर हॉर्न वाजवत बसते. मास्तरांना असले प्रश्न पडत नसत. त्यांचं सगळं म्हणणं तीन शब्दांत मावायचं. "चढला की तिकीट."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एसटीत ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात. आमचे मास्तर जन्मभर कंडक्टर होते आणि रिटायर झाल्यावरही त्यांच्यातला कंडक्टर काही उतरला नव्हता.

ते आमच्याकडे आले ते पेशंट म्हणून. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली होती. पाच दिवस त्यांनी खिडकीतून आमचं फाटक पाहिलं. तेव्हा तिथे एक वॉचमन होता. पार्किंगच्या पैशावरून त्याने दोनदा मार खाल्ला आणि तिसऱ्यांदा खायच्या आत तो गावाकडे निघून गेला. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं, "काही तकलीफ?"

"मला न्हाई साहेब. तुमच्या फाटकाला हाय. लोकं गाडी आडवीतिडवी भरून राहिले."

"मग तुम्हीच भरा," डॉक्टर हसत म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

डॉक्टर ते विसरले. मास्तर विसरले नाहीत. सोमवारी सकाळी ते खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा घेऊन माझ्या काऊंटरसमोर उभे राहिले. म्हणाले, "पोरी, ड्युटी लाव." मी वर डॉक्टरांना विचारलं, तर ते पुन्हा हसले आणि म्हणाले, लावा.

तो चिमटा त्यांनी कुठून आणला होता देव जाणे. एसटीत कधीचीच तिकिटाची मशीन आली होती. पण मास्तरांनी गल्लीतल्या छापखान्यातून पिवळ्या कागदाची तिकिटं छापून घेतली आणि प्रत्येक तिकिटाला ते टक्कन भोक पाडून देत. बोलायला काही नसलं की रिकामाच चिमटा वाजवत बसत. काऊंटरवर मला दिवसभर तो आवाज यायचा. टक टक, टक टक. सुरुवातीला डोकं उठायचं. मग एकदा ते ताप येऊन दोन दिवस आले नाहीत, तर माझं नोंदींमध्ये लक्षच लागेना.

एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, पेन्शनीत भागत न्हाई का? घरी बसायचं सोडून हे काहून?"

ते चिमटा बघत बसले. मग म्हणाले, "मी रिटायर झालो तवा संप चालू व्हता. गाड्या डेपोत उभ्या. माझा शेवटचा दिवस आला आन गेला. गाडीच सुटली न्हाई. मग मी उतरलो कवा, तूच सांग."

तेवढ्यात एक बोलेरो आत घुसली आणि मास्तर "ओ पाव्हणं, थांबा!" करत धावले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आवाराची लाईन लावली. लाईन म्हणजे खरोखरच लाईन. डाव्या भिंतीला औंढा लाईन, झाडाखाली सेनगाव लाईन, पाण्याच्या टाकीपाशी कळमनुरी लाईन. कोणी गाडी घेऊन आलं की पहिला प्रश्न, "कुठून आलाव?" गावाचं नाव ऐकून ते गाडी त्या त्या लाईनीत लावायला लावत. हिंगोली शहरातल्यांना त्यांनी पार मागे, उन्हात टाकलं होतं. एक वकील त्यावरून चिडले, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमी लोकल. तुमी तर पायीच यायला पायजे."

मला हा वेडेपणा वाटायचा. पण त्याने एक गंमत झाली. एका भागातली माणसं गाडी लावता लावता एकमेकांना भेटू लागली. डोंगरकड्याच्या माणसाला कळायचं की शेजारच्या गावची कोणी बाई वर आहे, मग तो तिलाही भेटून यायचा. मी जवळा बाजारची. माझ्या गावचं कोण ॲडमिट आहे हे माझ्या रजिस्टरच्या आधी मला औंढा लाईनीत कळायचं.

दुसरा प्रश्न, "कुठं जायचं?" लोक म्हणत, "वर."

"वर म्हंजे? वर तर देव बी हाय. दुसरा मजला का आयसीयू?"

"तुम्हाला काय करायचं? दहाचंच तिकीट आहे ना?"

"कुठं जायचं ते कळल्याबिगर तिकीट कसं फाडू?"

मग माणूस सांगायचा आणि मास्तर तिकीट फाडता फाडता त्याला सगळी माहिती देत. "तेवीस नंबर. जिन्यानं जा, लिफ्टला टाईम लागतो. खाटेवर बसू नका, नर्सबाई वरडती. आन पेशंटसमोर रडू नका, रडायचं आसंल तर कॅन्टीनमागं जागा हाय."

सवलती त्यांनी स्वतःच लागू केल्या होत्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून स्कूटी घेऊन आलेल्या बाईला पार्किंगही अर्धं. पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, पण आधार कार्ड दाखवावं लागे. एका म्हाताऱ्याने कार्ड आणलं नव्हतं, तर मास्तरांनी त्याचे दात मोजले, असं कॅन्टीनवाला सांगतो. मी पाहिलं नाही. ज्यांचा पेशंट बरेच दिवस होता, त्यांना पास. आणि घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आलेला माणूस दिसला, की मास्तर गाडी हातात घेऊन स्वतः लावत आणि तिकिटाचं नाव काढत नसत. "धावत आलेलं माणूस प्रवासी नस्तंय," म्हणायचे. "ते सामानासारखं आस्तंय. कोणीतरी आणून टाकल्यालं."

हे सगळं मॅडमच्या डोळ्यांवर आलं. मॅडम म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस. दवाखान्याचा कारभार त्या बघत. बाई कडक, पण वाईट नव्हे. त्यांनी मास्तरांना वर बोलावून विचारलं, "अर्धं तिकीट कोणाच्या परवानगीने?"

"शासनाच्या."

"शासनाचा आणि आपल्या पार्किंगचा काय संबंध?"

मास्तर कळवळून म्हणाले, "मॅडम, शासनापेक्षा आपण मोठे हाव का?"

त्याच महिन्यात मॅडमचे सख्खे भाऊ पांढरी गाडी घेऊन आले. काच खाली न करताच त्यांनी हाताने बाजूला व्हायची खूण केली. मास्तर गाडीसमोर उभे राहिले. भाऊ काच खाली करून म्हणाले, "मी मॅडमचा भाऊ आहे."

"पास दाखवा."

"कसला पास? नातं आहे!"

"नात्याचा पास आमच्याकडं निघत न्हाई."

मागे चार गाड्या खोळंबल्या. शेवटी भावाने दहा रुपये दिले. मास्तरांनी तिकिटाला भोक पाडलं आणि आदबीने सांगितलं, "जपून ठेवा. चेकिंग आलं तर दाखवावं लागतंय." ते तिकीट भावाने बहिणीच्या टेबलावर आपटलं. त्याच दिवशी मॅडमनी नांदेडच्या एका कंपनीला फोन करून आपोआप उघडणाऱ्या फाटकाचा भाव विचारला.

आता हळदवाल्या माणसाचं सांगते. हंगामाचे दिवस होते, हळदीच्या गाड्यांनी मार्केटचा रस्ता भरून गेलेला. सकाळी अकराच्या सुमाराला दोन हमालांनी एका माणसाला रिक्षातून आणलं, स्ट्रेचरवर ठेवलं आणि ते मार्केटकडे परत पळाले. माणूस बेशुद्ध. आणि पिवळाधमक. तोंड, हात, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं. नवीन नर्स त्याला बघूनच ओरडली, "कावीळ! कावीळ फार वाढलेली आहे!"

मास्तर स्ट्रेचरच्या मागोमाग आत आले होते. त्यांनी त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि ते बोट नर्सला दाखवलं. "कावीळ न्हाई बाई. हळद हाय. पोत्यावर पडला आसंल."

डॉक्टर आले, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हार्ट अटॅक होता. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन त्यांनी मागवलं, पण हातात घेऊन थांबले. "याला आधी काही झालंय का? कुठे रक्तस्राव वगैरे? हे कळलं पाहिजे. रक्तस्राव झालेला असेल तर हे इंजेक्शन उलटेल. कोण आहे याच्याबरोबर?"

कोणीच नव्हतं. खिशात तंबाखूची पुडी आणि कुलूप लागलेला मोबाईल. मी मार्केटमध्ये फोन लावला, पोलिसांना लावला. दोन्हीकडे "बघतो" म्हणाले. डॉक्टर घड्याळ बघत होते. मी त्यांना कधी घड्याळ बघताना पाहिलं नव्हतं.

मास्तर केव्हा बाहेर गेले ते कळलं नाही. एकदम शिट्टी ऐकू आली. मी दारात आले. मास्तर आपल्या स्टुलावर उभे राहून ओरडत होते, "औंढाऽ, जवळा बाजारवालेऽ! सेनगाववालेऽ! कळमनुरी, बाळापूर, डोंगरकडावालेऽ! खाली या! हळद घेऊन आलेला माणूस हाय, पन्नाशीचा, डाव्या कानात बाळी! वळखायला या!"

वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. जिन्यावरून माणसं उतरू लागली. फाटकाबाहेरून एक म्हातारा डोक्यावर गाठोडं घेऊन घाईघाईने आत आला आणि मास्तरांना विचारू लागला, "वाशिम गाडी लागली का?" मास्तर त्याही घाईत त्याला म्हणाले, "ह्यो दवाखाना हाय बाबा. स्टँड पुढं हाय. बसा, पाणी प्या."

औंढावाल्यांनी बघितलं, ओळख नाही. सेनगाववाल्यांनी बघितलं, नाही. कळमनुरीच्या लाईनीतून डोंगरकड्याची एक बाई आली, हातात डबा तसाच. तिने स्ट्रेचरकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला. "अगं माय! ह्ये तर आमच्या शेजारचं शेत करतेत. ह्यायला काय झालं?"

"याला आधी काही आजार?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंधरा दिवसाखाली तर नांदेडून आणलंय ह्यायला! पोटातली जखम फुटली व्हती. रक्ताच्या उलट्या. बाटल्याच बाटल्या चढवल्या."

डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं. दुसरी औषधं देऊन त्यांनी ॲम्ब्युलन्समधून त्याला नांदेडला पाठवलं. ती बाई सोबत गेली. माणूस वाचला. नळी टाकून हृदयाची रक्तवाहिनी मोकळी करतात तसं त्याचं तिकडे केलं, असं नंतर कळलं. ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी पाहिलं, तर मास्तर त्या बाईचा विसरलेला डबा घेऊन जिना चढत होते. तिचा पेशंट वर जेवणाची वाट बघत होता.

कोणालाही वाटेल, यानंतर मास्तरांची नोकरी पक्की झाली. पण दवाखान्याचं असं नसतं. फाटकाची ऑर्डर गेलेली होती, ॲडव्हान्स दिलेला होता. मॅडमनी मास्तरांचं मनापासून कौतुक केलं, शाल दिली आणि सांगितलं की एक तारखेपासून मशीन येतंय. मास्तरांनी शालीची घडी पिशवीत ठेवली. म्हणाले, "मशीन आली की मास्तर उतरतो. एसटीत बी तसंच हाय."

एक तारखेला मशीन आलं. लाल-पांढरा दांडा, पिवळा डबा आणि डब्यातून बोलणारी एक बाई. गाडी आली की ती म्हणायची, "कृपया बटन दबाकर टिकट लीजिए." मास्तर हिशेब द्यायला आले होते. पिशवी मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बाकड्यावर बसले आणि त्या बाईचं बोलणं लक्ष देऊन ऐकत राहिले.

"हिचं गाव कोणतं आसंल गं?"

"मास्तर, ते रेकॉर्डिंग आहे."

"कुठून आलाव, काहीच ईचारीना लोकायला," ते म्हणाले. "कडू आवाज न्हाई, पण चौकशी न्हाई."

साडेबाराला लाईट गेली. ती आमच्याकडे जाते, त्यात विशेष काही नाही. जनरेटर सुरू झाला, पण फाटक जनरेटरवर जोडलेलंच नव्हतं. बाई वाक्याच्या मधेच गप्प झाली. दांडा आडवा. आणि दांड्यापुढे एक रिक्षा. रिक्षात एक बाळंतीण व्हायला आलेली बाई, तिची सासू आणि तिचा नवरा. रिक्षामागे एक टेम्पो, टेम्पोमागे मोटारसायकली. मागे सरकायला जागा नाही. सासू खाली उतरून त्या पिवळ्या डब्याला हात जोडत होती. "उघड माय, उघड." नवरा बटण दाबत होता. रिक्षातली बाई इतकी जोरात ओरडली की काऊंटरवर माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

कंपनीचा माणूस जेवायला गेला होता. चावी त्याच्याकडे.

मास्तरांनी पिशवी माझ्या काऊंटरवर ठेवली आणि ते गेले. आधी त्यांनी दांडा हाताने उचलून पाहिला. हलेना. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "गाडी दांड्याला लावून ठेव, मी उचलतो." आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेला तो माणूस दांड्याखाली खांदा घालून उठला. कडाडकन आवाज झाला. अर्धा दांडा भिंतीकडे उडाला, अर्धा लोंबत राहिला. मास्तरांनी रिक्षाच्या टपावर थाप मारली, धप धप, आणि ओरडले, "जाऊ द्या!"

वीस मिनिटांत मुलगी झाली. सासूने पेढे सगळ्यांना वाटले. पहिला पेढा तिने बंद पडलेल्या पिवळ्या डब्यावर ठेवला, तो का ते मला कळलं नाही. कंपनीचा माणूस जेवून आला आणि डोक्याला हात लावून दांड्याचे तुकडे गोळा करू लागला.

मला वाटलं, मास्तर आता घरी जातील. ते गेले नाहीत. बाकड्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले आणि तिथेच बसले. मी म्हटलं, "मास्तर, आता काय राहिलंय?"

"चौकशी," ते म्हणाले. "संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केलंय मी. नोटीस यायला पायजे. खुलासा द्यायचा हाय."

"अहो, कोण नोटीस देतंय तुम्हाला?"

"मग मी जाऊ कसा?"

तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतः खाली आल्या. दांडा नव्हता आणि फाटकावर मास्तरही नव्हते, त्यामुळे दोन दिवसांत सगळी भाजी मंडई परत आवारात आली होती. सकाळीच मॅडमच्या गाडीसमोर कोणीतरी कोथिंबिरीचं पोतं टाकलं होतं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तो दांडा जाऊ दे. तुम्ही उद्यापासून कामावर या."

"चौकशीबिगर कसं येणार मॅडम? कागदावर काहीतरी लागंल."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. शेवटी त्या वर गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, तुमचा माणूस आहे, तुम्हीच निस्तरा.

चौकशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये झाली, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. डॉक्टरांच्या गळ्यात नळी तशीच. मला लिहून घ्यायला बसवलं होतं. मास्तर उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"दांडा तुम्ही मोडला?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"काहून?" डॉक्टर मूळचे औंढ्याकडचे. मास्तरांशी बोलता बोलता त्यांची भाषा घसरायची.

"लाईट न्हवती साहेब. आन बाईला टाईम न्हवता."

"पश्चात्ताप होतोय?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दांड्याचा व्हतोय. नवा व्हता."

डॉक्टरांनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला आणि खोकल्यासारखं केलं. "मग शिक्षा काय देऊ? तुम्हीच सांगा. मला या प्रकाराचा अनुभव नाही."

मास्तर ताठ उभे राहिले. "एवढ्या गुन्ह्याला बदली आस्ती साहेब. माझी बदली करा."

आमच्याकडे दोन फाटकं होती. एक पुढचं, पार्किंगचं. एक मागचं, ॲम्ब्युलन्सचं. मास्तर मागे गेले की पार्किंगही मागेच हवं, म्हणून मॅडमनी त्याच दिवशी पुढचं फाटक गाड्यांना बंद करून टाकलं आणि सगळ्या गाड्या मागून घ्यायचं ठरवलं. मी बदलीचा आदेश टाईप केला. पुढचे फाटक येथून मागचे फाटक येथे, प्रशासकीय कारणास्तव. डॉक्टरांनी सही केली, मॅडमनी शिक्का मारला. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"मग उद्यापासून मागे बसायचं," मॅडम म्हणाल्या.

"उद्या कसं?" मास्तर चकित होऊन म्हणाले. "बदली झाली की सात दिवस जॉइनिंग टाईम आस्तोय, मॅडम. सामान हलवायला."

पुढच्या फाटकापासून मागचं फाटक चाळीस पावलांवर होतं. सामान म्हणजे एक स्टूल आणि पाण्याची एक बाटली. सात दिवस भाजी मंडई आमच्या आवारात नांदली. मंडईतला एक जण दुपारचा आमच्या झाडाखाली झोपायलासुद्धा लागला होता.

आठव्या दिवशी सकाळी नऊला मास्तर आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, खांद्यावर पिशवी. मागच्या फाटकाकडे न जाता ते आधी माझ्याकडे आले आणि रुजू झाल्याचा अर्ज समोर ठेवला. स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. मी त्यावर तारीख टाकली, सही केली आणि परत दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"मध्यान्हपूर्व का मध्यान्होत्तर ते लिवलं न्हाईस तू."

"मास्तर, सकाळचे नऊ वाजलेत."

"ते आपल्याला म्हाईत हाय. कागदाला कसं कळंल?"

मी 'मध्यान्हपूर्व' लिहिलं. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, मला म्हणाले, "आता बराबर झालं," आणि स्टूल उचलून चाळीस पावलं चालत नव्या ड्युटीवर गेले.